नख झाकण्यापूर्वी नख दाखवा

अंबडला आमच्या खालांच्या धाकट्या मुलीचा निकाह होता. आठ दिवस उरले होते. पार्लरवाली मुलगी घरीच आली होती. नवरीचे हात-पाय झाले, बहिणींचे झाले, मग नवरीनेच आग्रह धरला, "अम्मी, आता तुम्ही पण पाय करून घ्या." खाला नको नको म्हणत होत्या. शेवटी बसल्या आणि त्यांनी मोजे काढले. उजव्या पायाच्या अंगठ्याचे नख जाड, पिवळे-तपकिरी आणि टोकाला भुसभुशीत झालेले होते. त्या मुलीने पाय हातात घेतला, नीट पाहिला आणि हातातले हत्यार खाली ठेवले. "खाला, बुरा नको मानो," ती म्हणाली, "या पायाला मी हात लावणार नाही. आधी डॉक्टरला दाखवा."

खोलीत एकदम शांतता झाली. खालांनी पाय ओढणीखाली घेतला. खालांच्या जाऊबाई तर स्पष्टच म्हणाल्या की पैसे घेते आणि वर नखरे करते. ती मुलगी बिचारी आपले सामान आवरून गेली. त्या दिवशी मलाही तिचा राग आला होता. आज लिहायला बसले आहे ते तिच्यामुळे.

लग्न पार पडल्यावर खाला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे किती दिवसांपासून आहे?" खाला म्हणाल्या, तीन वर्षे. दुसरा प्रश्न होता, "काय काय लावले?" मेडिकलमधून आणलेल्या दोन-तीन ट्यूब, लसूण, खोबरेल तेल, व्हिनेगर, आणि सणावाराला वरून मेंदी. तिसरा प्रश्न खालांना विचित्र वाटला. "साखर कधी तपासली होती?" कधीच नाही. तपासली तेव्हा उपाशीपोटी 240 निघाली. नख दाखवायला गेलेल्या बाईला मधुमेह सापडला.

हे विशेष नाही, असे डॉक्टर म्हणाले. मधुमेह असलेल्यांना नखाची बुरशी इतरांपेक्षा जास्त होते. त्यांच्या पायाची जाणीव हळूहळू कमी होते आणि रक्तपुरवठाही कमी पडतो. जाड झालेले नख बुटात किंवा चपलेत दाबले जाते, त्याच्याखाली जखम होते आणि दुखत नाही म्हणून कळत नाही. मग एखाद्या दिवशी मोज्याला पाणी लागलेले दिसते. पाय काळा पडून बोट काढावे लागल्याची उदाहरणे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात एखाद-दुसरे तरी आहे. त्याची सुरुवात बऱ्याचदा अशाच एका नखाकडे, चिखल्यांकडे किंवा नखुरड्याकडे केलेल्या दुर्लक्षातून झालेली असते.

नखाची बुरशी म्हणजे नक्की काय, हे मला स्वतःलाही नीट माहीत नव्हते. भाकरीवर येते तशी बुरशी नखावर चढते, एवढीच माझी समजूत. प्रत्यक्षात नख ज्या पदार्थाचे बनलेले असते, त्या केराटिनवरच ही बुरशी जगते. केस, नख आणि त्वचेचा वरचा थर हे तिचे खाद्य. म्हणूनच गजकर्ण, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, तळपायाची भुशासारखी निघणारी साल आणि नखाची बुरशी ही बहुतेक वेळा एकाच घराण्याची भावंडे असतात. आधी ती बोटांच्या बेचक्यात येते, तिथे महिनोन्‌महिने राहते आणि नखाचे टोक कुठे उचललेले किंवा चेमटलेले मिळाले की आत शिरते. नख टोकाकडून पिवळे-पांढरे होते, खाली भुसा साठतो, नख जाड होते आणि बुडापासून सुटू लागते. घट्ट बूट, ठेच, लोखंड पडून चेमटलेला अंगठा, दिवसभर ओले राहणारे पाय ही तिची दारे. जालन्याच्या स्टील कारखान्यांत बारा-बारा तास बंद बुटात उभे राहणारे आपले भाऊ आणि पावसाळ्यात कपाशी-सोयाबीनच्या चिखलात निंदणी करणाऱ्या बायका, दोघांचेही पाय या बुरशीला सोयीचे.

पण एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. जाड, पिवळे किंवा वेडेवाकडे दिसणारे प्रत्येक नख बुरशीचे नसते. अशा नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते, असे त्वचेचे डॉक्टर मानतात. बाकीच्यांत जुनी इजा असते, सोरायसिस असतो, कधी वयोमान असते, कधी शरीरातला दुसराच बिघाड.

याचे फार जवळचे उदाहरण आहे. जानेवारी 2025 मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक मुठीमुठीने गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. आपण सगळ्यांनी ते टीव्हीवर पाहिले आहे. सुरुवातीला अनेकांनी बुरशीच्या संसर्गाचा संशय घेतला, पाण्यावरही बोट ठेवले गेले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही तिथे जाऊन रुग्णांचे रक्त, लघवी, केस आणि ते खात असलेला गहू यांची तपासणी करून घेतली. विंचूदंशावरील त्यांचे काम जगभर माहीत आहे. पण ते मूळचे आपल्या भोकरदन तालुक्यातील देहेडचे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांच्या म्हणण्यानुसार रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण खूप जास्त आणि जस्ताचे कमी होते, आणि त्याचा माग रेशनच्या गव्हापर्यंत जात होता. पुढे एप्रिलमध्ये त्याच भागातील काही लोकांची नखे ठिसूळ होऊन गळू लागली. सेलेनियम शरीरात वाढले की केसांबरोबर नखेही जातात, हे वैद्यकशास्त्राला पूर्वीपासून माहीत आहे.

आता विचार करा. त्या गावातील एखाद्या बाईने आपले नख पाहून मेडिकलमधून बुरशीची ट्यूब आणली असती तर ती वर्षभर चोळत बसली असती, आणि ताटातली पोळी तशीच चालू राहिली असती. नखाकडे पाहून आजार ओळखता येतो असे आपल्याला वाटते. डॉक्टरांनाही नुसत्या नजरेने खात्री देता येत नाही, म्हणून तर तपासणी असते.

ती तपासणी अगदी साधी आहे. नखाखालचा भुसा आणि नखाचा तुकडा खरवडून घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे पाणी टाकतात. नखाच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. याला केओएच तपासणी म्हणतात. बुरशी नेमकी कोणती, हे हवे असेल तर नमुना वाढवून पाहतात, त्याला तीन-चार आठवडे लागतात. दुखत नाही, सुई नाही. मात्र आधीपासून बुरशीची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, कारण त्यामुळे तपासणीत बुरशी लपते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. आपल्याला बदनापूर तालुक्यातील वरुडीचे नूर हॉस्पिटल जवळ आहे, छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आहे, आणि 2024 पासून जालन्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. "नखासाठी कोण घाटीला जातो?" असे खालाही म्हणाल्या होत्या.

मेडिकलमधल्या ट्यूबबद्दल थोडे कडक बोलते. आपल्याकडे गजकर्णाला, खाजेला, नखाला, सगळ्याला एकच ट्यूब मागितली जाते आणि दुकानदारही ती देतो. त्यातल्या अनेक ट्यूबमध्ये बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि स्टेरॉइड अशी मिसळ असते. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आपण खूश होतो. बुरशी मात्र आत पसरत राहते, कारण शरीराचा प्रतिकारच स्टेरॉइडने दाबलेला असतो. ट्यूब बंद केली की दुप्पट उठते. सरकारने 2018 मध्ये अशी स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला. दुकानात जाऊन पाहा, तो नियम किती पाळला जातो ते कळेल. या अर्धवट उपचारांच्या काळातच भारतात गजकर्णाची एक हट्टी जात पसरली. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या नमुन्यांतून ती वेगळी ओळखली आणि तिच्या नावातच भारत आला, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. ती मुख्यतः अंगावर, जांघेत येते. पण घरात एकाच्या अंगावर गजकर्ण आणि दुसऱ्याच्या नखात बुरशी असेल तर दोघांनाही एकत्रच डॉक्टरकडे न्या. एकाचे बरे करून उपयोग नाही, ते परत फिरून येते.

खालांच्या नमुन्यात बुरशी निघाली. डॉक्टरांनी आधी यकृताची रक्ततपासणी करायला सांगितली, मग गोळ्या सुरू केल्या. पायाच्या नखासाठी या गोळ्या साधारण तीन महिने चालतात. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असणाऱ्याला, कोलेस्टेरॉलची किंवा इतर गोळी चालू असणाऱ्याला हे औषध डॉक्टरांनी विचार करूनच द्यायचे असते. म्हणून शेजारणीची चिठ्ठी आपल्याला चालत नाही. नख थोडेसेच, टोकाकडेच खराब असेल तर नेलपॉलिशसारखे लावायचे औषध असते, पण ते बरेच महिने नेमाने लावावे लागते. संपूर्ण नख खराब असेल तर नुसत्या मलमाने ते बरे होणे कठीण, कारण मलम नखाच्या जाडीतून खाली पोहोचतच नाही.

सगळ्यात जास्त लोक हरतात ते इथून पुढे. तीन महिन्यांच्या गोळ्या संपतात आणि नख तसेच जाड-पिवळे दिसते. "औषध लागू पडले नाही, पैसे वाया गेले" असे म्हणून माणूस परत ट्यूबकडे वळतो. खरे तर पायाच्या अंगठ्याचे नख महिन्याला एक-दीड मिलिमीटरच वाढते. बुडापासून टोकापर्यंत नवे नख यायला बारा ते अठरा महिने लागतात. खराब झालेला भाग बरा होत नसतो, तो पुढे सरकून कापला जातो. म्हणून पाहायचे ते टोकाकडे नाही, बुडाकडे. तिथून स्वच्छ, गुलाबी पट्टी येऊ लागली की औषध काम करते आहे. खालांच्या मुलाने दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोबाइलवर अंगठ्याचा फोटो काढायला सुरुवात केली. सातवा फोटो पाहिला तेव्हा खालांचा विश्वास बसला.

आता आपल्या घरातली गोष्ट. दिवसातून पाच वेळा पाय धुणाऱ्यांना बुरशी व्हावी कशी, असे मला एकीने विचारले. वुजूने बुरशी होत नाही. वुजूत पायाच्या बोटांचा खिलाल करायला शिकवले आहे, करंगळीने बोटांच्या बेचकीतून पाणी फिरवायचे, आणि चिखल्या दिसण्याची सगळ्यात चांगली वेळ तीच. गडबड पुढे होते. ओल्या पायांत तसेच मोजे चढवतो, किंवा ओला पाय बुटात घालून दुकानावर जातो. वुजूनंतर रुमालाने अंग पुसायला बहुतेक उलेमांनी हरकत घेतलेली नाही. तेव्हा खिशात पायासाठी एक वेगळा छोटा रुमाल ठेवा आणि बोटांच्या मधली जागा कोरडी करा. तोंडाचा आणि पायाचा रुमाल एकच नको, घरातल्या चौघांचा मिळून एक तर अजिबात नको. वुजूखान्यातल्या सामायिक रबरी चपला आठवड्यातून एकदा घासून उन्हात टाकल्या तर मशिदीच्या कमिटीला फार खर्च येणार नाही. पायाला जखम असेल, डॉक्टरांनी पाणी लावू नका म्हटले असेल तर वुजूचे काय करायचे, हे आपल्या इमामसाहेबांना विचारा. दीनने त्यासाठी सवलती ठेवल्या आहेत. संकोचाने जखम भिजवत राहू नका.

नखे कापण्याबाबतही तसेच. चाळीस दिवसांपेक्षा जास्त नखे राहू देऊ नयेत, असे हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीत आहे, आणि आपल्याकडे जुम्म्याच्या दिवशी नखे कापायची चांगली सवय आहे. पण त्या जुम्म्याला एकच नेलकटर अब्बांपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या हातून फिरते. ज्याच्या पायाला बुरशी आहे त्याचे नेलकटर वेगळे हवे, आणि त्याने खराब नख शेवटी कापावे. मोजे रोज बदलावेत. जालन्यात नळाला पाणी किती दिवसांनी येते हे मला कोणी सांगायला नको, पण निदान दोन जोड ठेवून आलटून-पालटून धुता येतात. बुटांनाही एक दिवसाआड ऊन दाखवावे.

आणि मुलींनो, जेलपॉलिशबद्दल. नेलपॉलिशखाली पाणी पोहोचत नाही म्हणून वुजू होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे बऱ्याच जणी नमाज माफ असलेल्या दिवसांत जेल लावतात आणि सहाव्या-सातव्या दिवशी घाईघाईने चाकूच्या टोकाने, ब्लेडने खरवडून काढतात. त्याबरोबर नखाचा वरचा थरही निघतो. पातळ झालेले, उचकटलेले नख म्हणजे बुरशीला उघडे दार. काढायचेच असेल तर वेळ देऊन, रिमूव्हरमध्ये भिजवून काढा. नख आधीच पिवळे असेल तर त्यावर ना पॉलिश, ना मेंदी. मेंदीचा रंग नखावर महिनोन्‌महिने राहतो आणि खाली काय चालले आहे ते डॉक्टरलाही दिसत नाही. नखात नवी काळी उभी रेघ दिसली, ती रुंद होत असेल, तर ती मेंदीखाली झाकू नका, लगेच दाखवा. क्वचित ती कर्करोगाचीही असू शकते.

राहिले पार्लर. आपल्या अनेक बहिणी घरातल्या एका खोलीत पार्लर चालवून मुलांच्या फिया भरतात, म्हणून हे त्यांना दोष देण्यासाठी नाही. पूर्वी न्हाव्याच्या धोकटीतली एकच नराणी साऱ्या गावाच्या नखांवर चालायची. आता ती जागा निपर आणि फाइलने घेतली आहे, एवढाच फरक. मोठ्या चकचकीत दुकानातही धोका कमी नसतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या वॉट्सनव्हिल गावी 2000 साली एकाच नेल सलूनमध्ये पेडिक्युअर केलेल्या शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर गळवे उठली होती. ती बुरशी नव्हती, पाय बुडवायच्या टबांमधले जिवाणू होते. टबात पाणी खेचणाऱ्या जाळीमागे केस आणि कातडीचा गाळ साचला होता आणि तो कोणी काढलाच नव्हता. ज्यांनी पेडिक्युअरच्या आधी पायांवर वस्तरा फिरवला होता, त्यांना त्रास जास्त झाला, कारण बारीक चिरांतून जिवाणू आत गेले. लग्नाच्या घाईत आपणही हेच करतो. पार्लरला जायच्या आदल्या दिवसापासून पायांचे केस काढू नका.

घरगुती पार्लरसाठी एक स्वस्त उपाय आहे. दवाखान्यात हत्यारे निर्जंतुक करायचे ऑटोक्लेव्ह म्हणजे मूळ तत्त्वाने कुकरच: दाब वाढवून वाफ 121 अंशांवर नेणे. हत्यार आधी साबणाने आणि ब्रशने घासून घ्या, कारण मळाखाली जंतू तगून राहतात. मग स्वयंपाकाला न वापरणाऱ्या वेगळ्या कुकरमध्ये, पाण्याच्या वर जाळीवर सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि शिटीचा पूर्ण दाब आल्यावर मंद आचेवर अर्धा तास चालू द्या. थंड झाल्यावर कोरडे करून झाकलेल्या डब्यात ठेवा. निपरचे दोन-तीन संच असले की ग्राहक खोळंबत नाहीत. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवणे, डेटॉलच्या पाण्यात बुडवून काढणे किंवा निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवणे पुरेसे नाही. हत्याराला लागलेल्या न दिसणाऱ्या रक्तात कावीळ-बी चा विषाणू सात दिवस जिवंत राहू शकतो, तेव्हा प्रश्न फक्त बुरशीचा नाही. लाकडी काडी, खरखरीत फाइल आणि वज्री उकळून स्वच्छ होत नाहीत. त्या एका ग्राहकापुरत्या, नाहीतर ज्याच्या त्याला घरी देऊन टाकाव्यात. नखाच्या बुडाशी असलेली पातळ कातडी कापू नये, ती नखाची सील आहे. टबात प्लास्टिकचे अस्तर घाला, किंवा साधे घमेले वापरून प्रत्येक वेळी साबणाने घासून वाळवा.

ग्राहक म्हणून आपण एवढेच विचारायचे: "बाई, हे कशात उकळलेत?" विचारायला लाज वाटत असेल तर आपले सामान आपण न्यायचे. साखर असलेल्या बाईने मात्र पार्लरमध्ये पायाला कुठलेही धारदार हत्यार लावू देऊ नये. तिचे जाड नख डॉक्टरांकडेच कापून घ्यावे.

खालांची साखर आता ताब्यात आहे. अंगठ्याचे नख दोन तृतीयांश स्वच्छ आले आहे, टोकाला थोडा पिवळा भाग राहिला आहे. बकरी ईदच्या आधी त्यांनी त्या पार्लरवाल्या मुलीला स्वतः फोन केला. ती घाबरतच आली. खालांनी कपाटातून कापडी पिशवी काढली, त्यात त्यांचे स्वतःचे नेलकटर, फाइल आणि रुमाल होता. "पायाचे डॉक्टर बघतील," त्या म्हणाल्या, "तू हाताची नखे कर. पण माझ्याच सामानाने." मुलीने पिशवी हातात घेतली, नेलकटर बाहेर काढले आणि विचारले, "खाला, हे उकळलंय का?"